धर्मानंद कोसंबी यांचे 'भगवान बुद्ध' : गृहत्यागाच्या प्रश्नाचा पुनर्विचार

मराठीतील बुद्धचरित्र-लेखनाच्या इतिहासात तीन टप्पे ठळकपणे दिसतात. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' 1898 साली निघाले. धर्मानंद कोसंबी यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ 1940 साली आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीत अवतरला. यांपैकी पहिल्या ग्रंथाचे स्मरण आपण कृतज्ञतेने करतो, कारण 1907 साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती तो पडला. तिसरा ग्रंथ विहाराविहारांत वाचला जातो. मधला ग्रंथ मात्र हळूहळू अभ्यासकांच्या कपाटात गेला. बौद्ध समाजातील सामान्य वाचक कोसंबींचे नाव आदराने घेतो, पण त्यांचे पुस्तक क्वचितच उघडतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हे पुस्तक पुन्हा उघडण्याचा आहे. तो केवळ पूर्वसूरींना वंदन करण्याचा नाही. सिद्धार्थ गोतमाने घर का सोडले, या एका प्रश्नावर आज आपल्या विहारांत जे मतभेद ऐकू येतात, त्यांचा पाया या ग्रंथात सापडतो, असे आमचे मत आहे.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. शालेय शिक्षण नाममात्र. 'बालबोध' मासिकातील बुद्धाच्या छोट्या चरित्राने त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया, कलकत्ता असा प्रवास करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले व कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात राहिले. परत आल्यावर बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना वेतन देऊ केले, ते या अटीवर की त्यांनी महाराष्ट्रात राहावे व ग्रंथ लिहावेत. (संस्थानिकांनी विद्येसाठी केलेल्या खर्चातील इतकी फलदायी रक्कम दुसरी शोधावी लागेल.) अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम, 1912 ते 1918 या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन, गुजरात विद्यापीठ, लेनिनग्राड, 1930 चा मिठाचा सत्याग्रह व तुरुंगवास, आणि त्यानंतर मुंबईच्या गिरणगावातील 'बहुजन विहार' हा त्यांच्या पुढील आयुष्याचा आलेख आहे. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. 'निवेदन' (1924) या आत्मचरित्रात यांतील पहिला भाग त्यांनी स्वतः सांगितला आहे. मराठी आत्मचरित्रांत इतका निरलंकार ग्रंथ विरळा.

'भगवान बुद्ध' हा त्यांच्या प्रौढ वयाचा ग्रंथ. प्रकरणांची नावेच पाहावीत. आर्यांचा जय, समकालीन राजकीय परिस्थिती, समकालीन धार्मिक परिस्थिती अशी तीन प्रकरणे झाल्यावर 'गोतम बोधिसत्त्व' हे चौथे प्रकरण येते. म्हणजे चरित्रनायकाचा जन्म होण्यापूर्वी ग्रंथाचा मोठा भाग खर्ची पडतो. पुढे तपश्चर्या, श्रावकसंघ, आत्मवाद, कर्मयोग, यज्ञयाग, जातिभेद, मांसाहार आणि शेवटी दिनचर्या. ही चरित्राची रूढ रचना नव्हे. एका माणसाभोवतीचा समाज आधी उभा करावा, मग त्या समाजाच्या प्रश्नांना त्याने दिलेली उत्तरे तपासावीत, असा हा बेत आहे. केळूसकरांपर्यंत बुद्धचरित्र म्हणजे लुंबिनी ते कुसिनारा ही कथा होती. कोसंबींनी तिचे रूपांतर चौकशीत केले.

या चौकशीचे साधन म्हणजे पाली वाङ्मयातील थरांची निवड. सर्वच पाली ग्रंथ सारखे प्राचीन नाहीत. सुत्तांहून अट्ठकथा अर्वाचीन, आणि 'ललितविस्तर' व 'बुद्धचरित' यांतील वर्णने तर काव्याच्या प्रदेशातली, हे त्यांनी सतत बजावले. अशोकाने भाब्रू येथील शिलालेखात सात धर्मपर्यायांची नावे देऊन ते भिक्षू-भिक्षुणींनी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे म्हटले आहे. हे पर्याय आज उपलब्ध असलेल्या त्रिपिटकातील कोणती सुत्ते, याचा शोध कोसंबींनी घेतला. त्यांपैकी मुनिगाथा, मोनेयसुत्त व उपतिस्सपसिन ही तीन त्यांनी 'सुत्तनिपाता'त दाखवून दिली. अशोकासारखा साक्षीदार मिळाल्यामुळे 'सुत्तनिपाता'चे प्राचीनत्व त्यांच्या दृष्टीने पक्के झाले, आणि चरित्राच्या अनेक प्रश्नांत त्यांनी याच ग्रंथाचा कौल घेतला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून राजपुत्राला वैराग्य आले, आणि मध्यरात्री झोपलेल्या पत्नीकडे व बाळाकडे पाहून तो छन्न व कंथकासह निघून गेला, ही कथा लहानपणापासून आपण ऐकली आहे. कोसंबींनी तिची उलटतपासणी केली. 'दीघनिकाया'तील महापदान सुत्तात ही दृश्ये आहेत खरी, पण ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची म्हणून. तेथून ती गोतमाच्या चरित्रात आली. शुद्धोदन हा चक्रवर्ती राजा नव्हता, शाक्य हे शेती करणारे गणराज्यातील क्षत्रिय होते. अशा घरातील एकोणतीस वर्षांच्या तरुणाने म्हातारा माणूस पूर्वी पाहिलाच नव्हता, हे संभवत नाही. चोरून पळून जाण्याची गोष्ट तर 'मज्झिमनिकाया'तील अरियपरियेसन सुत्तानेच मोडीत निघते. तेथे बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील रडत असताना, त्यांच्या इच्छेविरुद्ध आपण केस-दाढी काढून काषाय वस्त्रे घेतली. ज्यांच्यासमोर हे घडले, त्यांच्यापासून लपून जाण्याचे कारणच उरत नाही. 'अंगुत्तरनिकाया'तील भरंडु-कालाम सुत्ताच्या आधारे कोसंबी असेही दाखवतात की कालामाचा आश्रम कपिलवस्तूतच होता. म्हणजे श्रमणमार्गाचा परिचय गोतमाला घराजवळच झालेला असावा.

मग कारण काय? कोसंबी सुत्तांतून तीन उत्तरे गोळा करतात. जन्म, जरा व मरण यांच्या अधीन असलेल्याने त्याच अधीन वस्तूंच्या मागे लागण्याची निरर्थकता, हे एक. गृहस्थाश्रम ही अडचणीची व धुळीने भरलेली जागा वाटणे, हे दुसरे. तिसरे 'सुत्तनिपाता'तील अत्तदंड सुत्तात आहे. शस्त्रधारणाने भय निर्माण होते, आणि थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या मासोळ्यांसारखी एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून आपल्याला संवेग कसा आला, हे बुद्ध तेथे सांगतात. शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारे तंटे कोसंबींनी या सुत्ताशी जोडले. त्यांच्या 'बोधिसत्त्व' या नाटकात याच सूत्रावर कथा उभारलेली आहे.

हे वाचताच आपल्या वाचकाला बाबासाहेबांच्या ग्रंथाचा पहिला खंड आठवेल. शाक्यसंघात कोलियांशी युद्ध करण्याचा ठराव येतो, सिद्धार्थ विरोध करतो, बहुमत त्याच्याविरुद्ध जाते, आणि शिक्षेचा प्रश्न उभा राहतो तेव्हा तो परिव्रज्या स्वीकारतो. ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी जे चार प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिला हाच. चार दृश्यांचे स्पष्टीकरण बुद्धीला पटत नाही, हे त्यांचे म्हणणे कोसंबींच्या तर्काशी तंतोतंत जुळते.

येथे आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काही पंडित म्हणतात की रोहिणीचा प्रसंग बाबासाहेबांनी कल्पनेने रचला, पालीत त्याला आधार नाही. काही कार्यकर्ते म्हणतात की बाबासाहेबांचा ग्रंथ असताना कोसंबी वाचण्याची गरज नाही. पहिले मत अज्ञानमूलक आहे, हे वरील विवेचनावरून उघड आहे. दुसरे मत धोक्याचे आहे, कारण मूळ ग्रंथात तळटीपा व संदर्भ नसल्यामुळे पहिल्या मताच्या लोकांना उत्तर देण्याचे साधनच ते हातचे सोडते. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली आधार शोधून देण्याचे कष्ट घेतले, ते याच जाणिवेने. बाबासाहेबांच्या मांडणीची पालीतील मुळे ज्याला पाहायची आहेत, त्याला मराठीत कोसंबींवाचून गत्यंतर नाही.

परंतु कोसंबींची मांडणीही निर्दोष नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अत्तदंड सुत्तात रोहिणीचे नाव नाही, कोलियांचे नाही, पाण्याच्या तंट्याचेही नाही. मासोळ्यांची उपमा पाण्याची आहे, एवढेच. या सुत्ताचा व शाक्य-कोलिय कलहाचा संबंध जोडला आहे तो अट्ठकथांनी, विशेषतः कुणाल जातकाच्या प्रास्ताविक कथेने. आणि त्या कथेत हा कलह बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. भगवान स्वतः दोन सैन्यांच्या मध्ये जाऊन तो मिटवतात. म्हणजे जे कोसंबी इतरत्र अट्ठकथांची साक्ष सुत्तांपुढे दुय्यम मानतात, ते येथे अर्धी साक्ष अट्ठकथेची घेतात आणि तिचा कालक्रम मात्र बदलतात. त्यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की शेजारच्या दोन गणांतील पाण्याचा तंटा एकदाच होऊन थांबत नाही. सिल्लोड-सोयगावच्या कोरडवाहू पट्ट्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तंटा जुना असेल तर तरुण गोतमाने तो पाहिला असणारच. तरीही हे अनुमान आहे, पुरावा नव्हे, आणि कोसंबींनी अनुमान व पुरावा यांच्यातील रेघ या ठिकाणी आणखी ठळक ओढायला हवी होती.

बाबासाहेबांनी हे अनुमान उचलले, असे सिद्ध करण्याच्या भरीस पडण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे आहे ते दोघांनी त्याचे काय केले हे. कोसंबींचा गोतम कलह पाहतो, उबगतो आणि त्यावरचा उपाय शोधण्यासाठी बाहेर पडतो. निर्णय त्याच्या अंतःकरणात होतो. बाबासाहेबांचा सिद्धार्थ सभेत उभा राहतो, ठराव हरतो, आणि आपल्या कुटुंबावर व संघावर संकट येऊ नये म्हणून स्वतः शिक्षा पत्करतो. निर्णय समाजाच्या समोर होतो. पहिल्यात संशोधकाचा संयम आहे. दुसऱ्यात घटनापंडिताने पाहिलेली सभा आहे, आणि तीत यशोधरेलाही बोलण्याची जागा आहे. कोसंबींच्या चौकशीत राहुलमातेच्या नावाची चर्चा होते, तिच्या मनाची होत नाही. पुरावा नाही तेथे बोलायचे नाही, हा त्यांचा नियम समजण्यासारखा आहे, पण त्या नियमामुळे ग्रंथाची ही बाजू कोरडी राहिली.

याच ठिकाणी अजिंठ्याचा विचार करणे आपल्या परिसरातील वाचकाला टाळता येणार नाही. सोळाव्या लेण्यात असित ऋषी व नंदाची प्रव्रज्या, सतराव्यात यशोधरा व राहुल यांच्यासमोर भिक्षापात्र घेऊन उभे असलेले भगवान, सव्विसाव्यात मारविजय व महापरिनिर्वाण: कोसंबींनी ज्या कथांना काव्य म्हणून बाजूला सारले, त्याच कथा आपल्या डोंगरात रंगांनी व छिन्नीने कोरल्या गेल्या आहेत. सिल्लोडहून वैशाखी पौर्णिमेला लेण्यांकडे जाणाऱ्या उपासकाने मग काय समजावे? आमच्या मते येथे विरोध मानण्याचे कारण नाही. पाचव्या शतकातील चित्रकाराने इतिहास लिहिला नाही, श्रद्धा लिहिली. कोसंबींनी श्रद्धा तपासली. असिताची कथा पाहा. ती 'सुत्तनिपाता'तील नालक सुत्ताच्या आरंभीच्या गाथांत येते. मूळ सुत्ताला या गाथा मागाहून जोडल्या गेल्या, हे कळल्याने भिंतीवरील वृद्ध ऋषीच्या चित्राचे मोल उणे होत नाही. फक्त मार्गदर्शकांनी ते इतिहास म्हणून सांगणे थांबवावे.

अजिंठा आणखी एका कारणाने या चर्चेत येतो. 'हिंदी संस्कृति आणि अहिंसा' (1935) या ग्रंथात कोसंबींनी श्रमणसंस्कृतीच्या ऱ्हासाचे एक कारण परिग्रह हे सांगितले. भिक्षू विहारांच्या मालमत्तेत व राजाश्रयात गुंतले आणि बहुजनांपासून तुटले. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिलेले आहे. सव्विसाव्याच्या शिलालेखात बुद्धभद्र हा भिक्षू आपले राजमंत्र्याशी असलेले मैत्र अभिमानाने नोंदवतो. कोसंबींच्या आरोपाला यापेक्षा जवळचा दाखला आपल्याला मिळणार नाही. पण आरोप मान्य करतानाही एक शंका उरते. राजाश्रय तुटल्यावर विहार ओस पडले, तसे ते राजाश्रयाशिवाय घडलेही नसते. कोसंबी स्वतः सयाजीरावांच्या वेतनावर ग्रंथ लिहू शकले, ही गोष्ट त्यांनी लपवलेली नाही; तिचा मेळ मात्र आपल्या सिद्धांताशी त्यांनी घातलेला दिसत नाही.

ग्रंथातील सर्वांत दुबळे प्रकरण पहिले, 'आर्यांचा जय'. इंद्र हा ऐतिहासिक जेता, दास-आर्य संघर्ष, बाबिलोनियाशी संबंध अशा अनुमानांची तेथे इमारत आहे. ती आज टिकत नाही, आणि तिच्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे प्रयोजन नाही. पुढील संशोधनात त्यांचेच चिरंजीव दामोदर कोसंबी यांनी प्राचीन इतिहासाला कितीतरी भक्कम पाया दिला. 'मांसाहार' या प्रकरणाने मात्र वादळ उठवले. चुंदाने दिलेले सूकरमद्दव हे डुकराचे मांस होते व प्राचीन जैन श्रमणही मांस वर्ज्य मानीत नव्हते, या विधानांवर जैन समाजातून तीव्र निषेध झाला. अहिंसेवर आयुष्य वेचणाऱ्या माणसाने हे लिहावे, यातच त्यांच्या सचोटीचा पुरावा आहे. आपल्याला गैरसोयीचे सत्य दडपणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

'जातिभेद' हे प्रकरण आपल्या वाचकाने सर्वांत काळजीपूर्वक वाचावे. वासेट्ठ, अस्सलायन, एसुकारी, माधुर ही सुत्ते येथे एकत्र आली आहेत. वनस्पती व प्राणी यांच्या जातींत शरीराची भिन्न लक्षणे असतात, माणसांत ती नसतात, हा वासेट्ठ सुत्ताचा युक्तिवाद कोसंबींच्या सोप्या मराठीत येतो, तेव्हा तो अडीच हजार वर्षांचा वाटत नाही. सुत्ताचा सारांश सांगून थांबण्याऐवजी संवादच उतरवून देण्याची त्यांची पद्धत येथे फार उपयोगी पडते. पण प्रकरण संपल्यावर एक प्रश्न हाती राहतो. संघात जात नव्हती. मग संघाबाहेरील उपासकांत ती का टिकली? आणि आज, लेखकाच्या काळात, काय करावे? हा ग्रंथ 1940 चा आहे. येवल्याची घोषणा 13 ऑक्टोबर 1935 ची. नागपूरची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 ची. या दोन तारखांच्या मधोमध उभा असलेला हा ग्रंथ जातीच्या खंडनाची सर्व सामग्री वाचकाच्या हाती देतो, पण सामूहिक धर्मांतराचा प्रश्न आपला विषय करीत नाही.

ही मर्यादा एकट्या कोसंबींची मानू नये. केरळात पाहिले तर तिचे प्रतिबिंब अधिक स्पष्ट दिसते. तेथे नारायण गुरूंनी 1888 साली अरुविप्पुरम येथे शिवलिंगाची स्थापना करून ब्राह्मणी अधिकाराला आव्हान दिले. 1903 साली स्थापन झालेल्या श्री नारायण धर्म परिपालन योगमचे सचिव होते महाकवी कुमारन आशान. आशानांनी एडविन आर्नल्डचे 'लाइट ऑफ एशिया' मल्याळमात आणले. आनंदाला पाणी देणाऱ्या मातंगकन्येची 'दिव्यावदाना'तील कथा त्यांनी 'चंडालभिक्षुकी' (1922) या काव्यात गायिली, आणि 'करुणा' (1923) मध्ये वासवदत्ता व उपगुप्त यांची. विहिरीवरची अस्पृश्य मुलगी आणि पाणी मागणारा भिक्षू, हे दृश्य महाडच्या 1927 च्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी मल्याळम वाचकांसमोर आले होते. तरीही, 'मितवादी' पत्राचे संपादक सी. कृष्णन यांनी ईळव समाजाने बौद्ध व्हावे असा आग्रह धरला, तेव्हा आशानांनी 1923 साली 'मतपरिवर्तन रसवादम्' लिहून त्यास विरोध केला. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी 1924 मध्ये, बोट उलटून त्यांचा मृत्यू झाला. बुद्धावर अपार प्रेम, पण धर्मांतराला नकार!

आशान कवी होते आणि कोसंबी पंडित. आशानांचा समाज स्वतः अस्पृश्यतेने पोळलेला होता, कोसंबी गोव्याच्या सारस्वत ब्राह्मण कुळातले. म्हणून दोघांच्या मर्यादेचे कारण एकच असू शकत नाही. आशानांना समाजाच्या ऐक्याची व नारायण गुरूंच्या कार्याची काळजी होती. कोसंबींना धर्म ही व्यक्तीने स्वतः पारखून घेण्याची गोष्ट वाटत होती. त्यांनी स्वतः ती तशीच घेतली होती, पायी भटकत, उपाशी राहून. ज्याला गाव सोडून जाता येते त्याचा गृहत्याग, आणि ज्याला गावाबाहेरच ठेवले आहे त्याचा धर्मत्याग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'भगवान बुद्ध' पहिल्या गोष्टीचा अजोड ग्रंथ आहे. दुसरीची गरज त्यात जाणवत नाही, आणि बाबासाहेबांना तोच प्रश्न नव्याने लिहावा लागला तो या कारणाने.

गिरणगावातील बहुजन विहाराचा उल्लेख येथे मुद्दाम केला पाहिजे, कारण त्यामुळे हे विधान जरा सैल करावे लागते. कामगार वस्तीत जाऊन बसणारा पंडित केवळ ग्रंथांत रमलेला नव्हता. परंतु त्या विहाराचा अनुभव 'भगवान बुद्धा'च्या पानांत उतरलेला दिसत नाही. तो उतरला असता तर जातिभेदाचे प्रकरण वेगळ्या ठिकाणी थांबले असते, असे वाटते.

ग्रंथाची भाषा आजही अडत नाही. विशेषणे कमी, वाक्ये आटोपशीर, पाली संज्ञांना ओळखीचे मराठी प्रतिशब्द. साहित्य अकादमीने हा ग्रंथ अनेक भारतीय भाषांत नेला, त्यामागे ही सुबोधताही असावी. मीरा कोसंबी यांनी 2010 साली धर्मानंदांच्या निवडक लेखनाचा इंग्रजी संग्रह सिद्ध केल्याने मराठीबाहेरील अभ्यासकांची सोय झाली. आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांना मात्र वेगळी सोय हवी आहे. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' याचा पहिला खंड वाचला जातो, त्याच आठवड्यात कोसंबींचे 'गोतम बोधिसत्त्व' हे प्रकरण वाचावे, आणि दोन्हींच्या शेजारी अरियपरियेसन व अत्तदंड ही दोन सुत्ते मराठीत ठेवावीत. चार बैठकांत हे होण्यासारखे आहे. पाली जाणणारा एक भिक्षू किंवा एखादा निवृत्त शिक्षक मिळाला तर उत्तमच.